नवा गोठा घालताय? जनावरांचे रोग घरात येऊ नयेत म्हणून

दोन म्हशी बांधाव्यात, जमलं तर एखादी जर्सी घ्यावी, असं ठरवणारी तरुण मंडळी आता बेळगाव जिल्ह्यात निपाणी, चिकोडी, हुक्केरीपासून पार खानापूरपर्यंत गावोगाव भेटतात. मुऱ्हा घ्यावी की पंढरपुरी, डेअरीत फॅटला काय दर लागतो, कडबा कुठं स्वस्त पडतो, बँक किती देते, ही सगळी चौकशी झालेली असते. रोगराईची चौकशी मात्र पहिलं जनावर वैरण सोडतं तेव्हाच सुरू होते, आणि तीही फक्त जनावरापुरती. त्याच्या अंगातलं दुखणं आपल्या घरातल्या माणसालाही लागू शकतं, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं.

सगळेच रोग माणसाला लागत नाहीत, हे आधी सांगून टाकतो. 2022 च्या लम्पीच्या साथीत कितीतरी घरांनी घाबरून गायीचं दूध बंद केलं होतं. लम्पी माणसाला होत नाही. लाळ्या-खुरकूत, फऱ्या, शेळ्यांची पीपीआर यांचीही स्वतःच्या जिवासाठी भीती बाळगायचं कारण नाही. त्यांत बुडतो तो धंदा. भीती धरायची ती दुसऱ्याच रोगांची, आणि त्यांतले काही तर जनावराकडं बघून ओळखूही येत नाहीत. सांसर्गिक गर्भपाताचे (ब्रुसेलोसिसचे) जंतू अंगात असलेली म्हैस व्यवस्थित खाते, रवंथ करते, दूधही देते. म्हणून नावं पाठ करत बसू नका, रोग येण्याच्या वाटा ध्यानात ठेवा. त्या मोजक्याच आहेत: कच्चं दूध, वार आणि गर्भपाणी, लाळ, मूत, गोचीड आणि मेलेलं जनावर. पुढची सगळी कामं या वाटा अडवण्याची आहेत.

पहिलं काम: जनावर घेताना

बाजारात जाताना आपण दात, सड, कास बघणारा जाणता माणूस सोबत नेतो. त्यानं बघून झालं की तुम्ही कान बघा. कानातल्या बिल्ल्यावर 12 आकडी नंबर असतो आणि त्या नंबरावर लसीकरणाची नोंद होते. बिल्ला महाराष्ट्रातल्या गडहिंग्लज-कागलकडचा असला तरी नंबर देशभर एकच, त्यामुळं इकडच्या सरकारी दवाखान्यात तो दाखवून नोंद बघता येते. बिल्लाच नसेल तर लस झालीच नाही असं धरा.

मग विचारा, ‘कधी गाभडली (गर्भ पडला) होती का?’ खरं उत्तर मिळेल याची आशा नको. गाभडलेली म्हैस शहाणा मालक गोठ्यात ठेवत नाही, पुढच्याच बाजारी उभी करतो. सांसर्गिक गर्भपात एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जातो तो बहुतेक असाच, दावं बदलून. त्यामुळं रक्ततपासणी झाल्याशिवाय पुरते पैसे देऊ नका. पशुवैद्यक रक्त काढून देतात, प्रयोगशाळेत रोझ बेंगाल नावाची साधी चाचणी होते. ‘एवढं कोण करतंय?’ असं दलाल हसून म्हणेल. म्हणू द्या. लाखाच्या आसपासचा व्यवहार आहे, तपासणीचा खर्च त्यात कुठं दिसतही नाही.

घरी आणलेलं जनावर 21 दिवस वेगळं बांधा. परड्यात, झाडाखाली, कुठंही चालेल, पण जुन्या जनावरांच्या दावणीला नको. त्याची बादली वेगळी, पाणी वेगळं. वैरण-पाणी आधी जुन्यांचं करायचं, नव्याचं शेवटी, आणि मग हातपाय साबणानं धुऊन घरात यायचं. लाळ्या-खुरकुताचा विषाणू चपलेला, कपड्याला, दुधाच्या कॅनलाही चिकटून येतो. माघात चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेला बैलगाडी घेऊन जाणारे, ऊसतोडीच्या हंगामात बाहेरगावच्या बैलांना आपल्या हौदावर पाणी पाजणारे, यांनी तर हे जास्तच सांभाळावं. यात्रेहून आलेला बैल आपलाच असला तरी तीन आठवडे पाहुणाच समजावा. गावात खुरकूत आलंच तर एक लिटर पाण्यात 40 ग्रॅम धुण्याचा सोडा, या मापानं गोठ्याची जमीन धुऊन काढा. सोडा कुठल्याही किराणा दुकानात मिळतो.

दुसरं काम: लसी

याला फार विचार लागत नाही, वेळ पाळली की झालं. लाळ्या-खुरकुताची दर सहा महिन्यांनी. घटसर्प आणि फऱ्या वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या तोंडाला. मेअखेर उरकून घ्यावी, कारण एकदा खानापूर भागात पाऊस लागला की डॉक्टरची गाडी तुमच्या वाडीपर्यंत येईलच असं नाही. लम्पीची वर्षातून एकदा. शेळ्यांना पीपीआरची तीन वर्षांतून एकदा. कुत्र्याला तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची, नंतर दरसाल.

सांसर्गिक गर्भपाताची लस वेगळी आहे, तिच्याबद्दल नीट समजून घ्या. ती फक्त मादी वासराला-रेडकाला द्यायची, वय 4 ते 8 महिने असताना, आयुष्यात एकदाच. ती वेळ गेली की गेली. नराला द्यायची नाही, गाभणीला द्यायची नाही. लस जिवंत जंतूंची आहे. टोचताना सुई चुकून माणसाला लागली तर त्यालाच ताप धरू शकतो. म्हणून वासरू धरायला लहान पोराला उभं करू नका, घट्ट धरणारा गडी लागतो. 2019 पासून केंद्राच्या कार्यक्रमात खुरकुताची आणि ही लस फुकट मिळते. गावात टोचणारे आले की बायका ‘दूध कमी येतंय’ म्हणून जनावर मागच्या दारानं रानात धाडतात, हे चित्र काही नवीन नाही. लसीनंतर एखाददुसरा दिवस दूध थोडं उतरतं, खरं आहे. खुरकूत झालं तर अख्खं वेत जातं.

तिसरं काम: व्यायची वेळ

सगळ्यात जास्त धोका इथं आहे, आणि सगळ्यात जास्त निष्काळजीपणाही इथंच.

सहाव्या-सातव्या महिन्यानंतर म्हैस गाभडली, त्यात वारही अडकली, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो सांसर्गिक गर्भपातच समजा. पडलेला गर्भ, वार, पाणी आणि पुढं काही आठवडे जाणारा स्राव या सगळ्यात जंतू खच्चून भरलेले असतात. ते हातावरच्या ओरखड्यातून, डोळ्यांतून, तोंडातून माणसात शिरतात. आपल्याकडं काय होतं? रात्री म्हैस अडते. शेजारचे आण्णा या कामातले दर्दी. ‘आण्णा, वार अडकलीया, जरा हात घाला की.’ आण्णा बाही कोपराच्या वर सारतात, हाताला खोबरेल चोपडतात आणि उघडा हात आत घालतात. तासाभरानं वार निघते. आण्णा बादलीत हात बुचकळतात, गंजीफ्रॉकला पुसतात आणि ओसरीवर चहा घेतात. दोन महिन्यांनी आण्णांना संध्याकाळचा ताप येऊ लागतो, तेव्हा त्या रात्रीची आठवण कुणालाच होत नाही.

तर करायचं असं. वार ओढायची नाही, पशुवैद्यकाला बोलवायचं. 1962 वर फोन केला तर कर्नाटकात पशुसंजीवनीची गाडी येते. यायला वेळ लागेल, पण वार काही तासांत काढलीच पाहिजे अशी घाई नसते. हात लावायची वेळच आली तर खांद्यापर्यंतचे प्लास्टिकचे लांब हातमोजे वापरा. कृत्रिम रेतनवाले तेच घालतात, पशुवैद्यकीय औषधांच्या दुकानात मिळतात, चार जोड आणून गोठ्याच्या वळचणीला खोचून ठेवा. तोंडाला पंचा बांधा. घरात कुणी गरोदर असेल तर तिला त्या दिवशी गोठ्याकडं फिरकू देऊ नका. सासूबाई ‘आमच्या वेळी आम्ही सगळं केलं’ म्हणाल्या तरी.

वारीचं काय करायचं, हाही प्रश्न आहे. आपल्याकडं ती पोत्यात बांधून वडाला लटकवायची रीत आहे. दूध वाढतं म्हणतात. रीतीमागं चांगला हेतू असेल, पण पोतं फाटतं, कावळे ओढतात, खाली कुत्री टपलेली असतात आणि ती तुकडे तोंडात धरून दुसऱ्याच्या परड्यात जातात. कुत्र्यालाही हा रोग लागतो. वार आणि मेलेला गर्भ खोल खड्ड्यात, वर चुना टाकून पुरा. त्या जागेवरही चुना टाका, भिजलेलं तणसही तसंच पुरा. उकिरड्यावर टाकू नका. आणि रक्तात रोग निघाला तर जनावर बरं करणारं खात्रीचं औषध नाही, हे धरून चाला. ते वेगळं बांधा, पुढं काय ते डॉक्टरांना विचारून ठरवा. दुसऱ्याच्या गळ्यात मात्र मारू नका.

चौथं काम: दूध

दूध उकळा. बस्स, एवढंच. क्षयरोग, सांसर्गिक गर्भपाताचे जंतू, सगळे उकळीत मरतात. चिकाच्या वड्या नीट वाफवलेल्या असतील तर चालतात, आणि कुंद्याची तर काळजीच नको, तो आटवून आटवून केलेला असतो.

अडचण येते ती धारोष्ण दुधाची. तालमीतली पोरं कासेखाली तांब्या धरून फेसासकट दूध पितात, ताकदीचं म्हणून. कुस्तीचा आणि त्या दुधाचा आपल्या भागात जुना संबंध आहे, त्यामुळं या मुद्द्यावर वाद घालणं कठीण जातं. पण उकळल्यानं ताकद जात नाही. पैलवानाला सहा महिने सांधेदुखी लागली तर मात्र जाते. गोठ्याला शाळेची सहल यावी, पाहुणे यावेत आणि ‘घ्या, ताजं घ्या’ म्हणून कच्चं दूध पुढं करावं, हा पाहुणचार बंद करा.

पाचवं काम: लाळ आणि चावा

म्हैस खायचं सोडते, तोंडातून लाळेच्या तारा सुटतात, घोगऱ्या आवाजात सारखी ओरडते, पाणी गिळता येत नाही, मागचे पाय लटपटतात. घरच्यांना वाटतं, घशात बाठा अडकला. कुणीतरी जबडा फाकवून हात कोपरापर्यंत आत घालतं. ही पिसाळलेली म्हैस असू शकते. महिना-दोन महिन्यांपूर्वी कुत्रं चावलेलं असतं, तेव्हा कुणी बघितलेलं नसतं. गिळता न येणाऱ्या जनावराच्या तोंडात हातमोज्याशिवाय हात घालू नका. घातलाच असेल, हातावर खरचटलं असेल, तर त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जा. त्या म्हशीचं दूध उकळून प्यायलेल्यांनी घाबरायचं कारण नाही. गाव मात्र नेमकं दुधालाच घाबरतं, आणि हात घालणारा माणूस घरी निवांत बसलेला असतो.

कुत्रं, मांजर, माकड, मुंगूस, कोल्हा, काहीही चावलं तर वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम 15 मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा, 15 मिनिटं वाटतात त्यापेक्षा बरीच मोठी असतात. तिखट, चुना, हळद, तेल काही लावायचं नाही, टाका घालायची घाई नाही. लस दंडात स्नायूत घेतली तर त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. कातडीत घेतली तर चौदावा दिवस नसतो. खोल चावा असेल तर जखमेतच सिरम (रेबीजविरुद्धचं तयार प्रतिपिंडांचं औषध) भरावं लागतं, ते ‘आहे का?’ असं स्वतःहून विचारा. तालुक्याला नसेल तर जिल्हा रुग्णालयात जा, पण उद्यावर टाकू नका. रेबीजची लक्षणं सुरू झाली की माणूस जवळजवळ हाती लागत नाही. ज्या जनावराला कुत्रं चावलंय त्यालाही चाव्यानंतरच्या लसी असतात, तेही त्याच दिवशी डॉक्टरला कळवा.

सहावं काम: गोचीड, आणि जंगलाकडच्यांसाठी माकडताप

अथणी-रायबागकडच्या वाचकांनी हा भाग वरवर वाचला तरी चालेल. कणकुंबी, जांबोटी, लोंढा, तळेवाडी या पट्ट्यातल्यांनी, आणि काजूच्या हंगामात गोव्यात कामाला जाणाऱ्यांनी नीट वाचा.

माकडताप 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यात सोरब तालुक्यातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडला. सरकारी दवाखान्यातल्या कन्नड फलकावर ‘मंगन कायिले’ असं लिहिलेलं असतं, ते हेच. हा विषाणू जंगलातल्या गोचिडीत राहतो. वानर आणि लाल तोंडाची माकडं त्यानं मरतात, मेलेल्या माकडाच्या अंगावरून गोचिडी खाली पालापाचोळ्यात पसरतात आणि तिथून जाणाऱ्याला चावतात. हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका लाकूडफाटा, पाला आणि काजूचा. गेल्या दहा-बारा वर्षांत तो गोव्यात सत्तरीत आणि सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडीकडं दिसला, आणि सत्तरीच्या काजूबागांत काम करून आलेले आपल्या जिल्ह्यातले मजूरही त्यात आजारी पडले होते.

या गोचिडीचं पिल्लू तिळापेक्षाही लहान असतं, चावलेलं कळतही नाही. म्हणून रानात जाताना पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, आरोग्य खात्याकडून अंगाला लावायचं तेल मिळालं तर ते लावून. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात, आणि अंघोळीच्या वेळी काख, जांघ, कानामागं, गुडघ्यामागं चाचपून बघा. रानात चरून आलेली जनावरं अंगावर गोचीड घेऊन गोठ्यात येतात, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं गोचीडनाशक ठरल्या मापानं जनावरावर आणि गोठ्याच्या भिंतीच्या फटींतही मारा. फटी विसरल्या तर महिन्याभरात गोचिडी परत. म्हशीच्या कानामागची टम्म फुगलेली गोचीड नखांत धरून फोडायची सवय ज्यांना आहे त्यांनी ती सोडावी. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढावी आणि रॉकेलच्या डब्यात टाकावी.

मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका. गावात मारुतीचं रूप म्हणून त्याला हार घालून, भजन म्हणत, खांद्यावरून नेऊन माती देतात. श्रद्धा समजते. पण आधी वनखात्याला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा, तपासणी होऊ द्या, आणि नमस्कार लांबून करा. माकडताप माणसापासून माणसाला लागत नाही, त्यामुळं आजारी माणसाला वाळीत टाकायचं काही कारण नाही.

सातवं काम: मूत, चिखल, उंदीर

भातलावणीच्या चिखलात अनवाणी पाय, टाचांना भेगा, आणि त्याच पाण्यात उंदरांचं आणि जनावरांचं मूत. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) इथून येतो. पेंडीची पोती जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा, गोठ्यात मूत साचू न देता उतार काढा. लावणीला गमबूट घालणं जमत नाही, चिखलात रुततात, हे मान्य. निदान जखमेवर पाणी न लागणारी पट्टी लावा आणि घरी आल्याबरोबर पाय साबणानं धुवा. लावणीनंतर आठ-पंधरा दिवसांत जोराचा ताप, पोटऱ्या दाबू न देण्याइतक्या दुखणं आणि लाल डोळे असं एकत्र दिसलं तर थांबू नका. काविळीवर गावठी औषध घेत बसण्यात इथं माणसं दगावतात.

मेंढपाळांसाठी आणि जत्रेत बकरं कापणाऱ्यांसाठी एक गोष्ट: काळजात (यकृतात) नाहीतर फुप्फुसात पाण्याचे फोड दिसले तर ते कुत्र्याला टाकू नका. त्यातून कुत्र्याच्या पोटात बारीक जंत होतात, त्यांची अंडी कुत्र्याच्या अंगावरून लेकरांच्या हाताला लागतात आणि वर्षानुवर्षांनी माणसाच्या काळजात तसाच फोड वाढलेला सापडतो. जाळा नाहीतर पुरा.

आठवं काम: जनावर मेल्यावर

काल संध्याकाळी धडधाकट असलेलं जनावर सकाळी मेलेलं सापडलं, पोट फुगलंय, नाकातून-गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त येतंय, तर त्याला कापू नका, कातडं सोलू नका, कुणाला वाटा देऊ नका. ही काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स, असू शकते. जनावर उघडलं की हवा लागून त्या जंतूंचे बीजाणू होतात आणि ते मातीत कित्येक दशकं टिकतात. डॉक्टर कानाच्या टोकाचं थेंबभर रक्त घेऊन तपासतात. विम्यासाठी शवविच्छेदन हवं असेल तरी करायचं की नाही हे त्यांनाच ठरवू द्या. त्यानंतर सहा फूट खड्डा, खाली-वर चुना, ओढ्या-विहिरीपासून लांब. जनावर सोलणाऱ्याच्या हातावर आठवडाभरात न दुखणारा, मध्ये काळी खपली असलेला फोड आला तर लगेच दवाखाना. वेळेत औषध मिळालं तर तो बरा होतो. घरच्या कोंबड्या एकाएकी पटापट मरायला लागल्या तरी रस्सा करण्याआधी दवाखान्यात कळवा.

शेवटचं काम: माणसांच्या डॉक्टरला गोठ्याबद्दल सांगणं

हे कुणी करत नाही. आपण तालुक्याच्या डॉक्टरपुढं बसतो, ‘ताप येतोय’ म्हणतो, तो टायफॉईडची तपासणी लिहून देतो, गोळ्या घेतो, आठ दिवस बरं वाटतं, पुन्हा ताप. सांसर्गिक गर्भपाताच्या जंतूनं येणारा ताप असाच चढ-उतार करतो: संध्याकाळी येतो, रात्री घामानं अंथरूण भिजतं, कंबर आणि सांधे दुखतात, भूक जाते. टायफॉईड म्हणून, क्षय म्हणून, संधिवात म्हणून माणूस वर्ष-वर्ष फिरत राहतो. डॉक्टरला मनातलं ओळखता येत नाही. म्हणून बसल्याबरोबर सांगा: ‘डॉक्टर, घरी जनावरं आहेत. दोन महिन्यांपूर्वी म्हैस गाभडली, वार मी काढली.’ जंगलाकडून आला असाल तर ‘काजूला गेलो होतो, गोचीड चावली’. लावणीवरून आला असाल तर ते. डॉक्टरनं नेमकी कुठली तपासणी करायची हे या एका वाक्यावर ठरतं.

सांसर्गिक गर्भपाताच्या जंतूचं निदान झालं तर औषध किमान सहा आठवड्यांचं असतं, दोन-दोन औषधं एकत्र. दुसऱ्या आठवड्यात ताप उतरतो आणि तिथंच बहुतेकांच्या गोळ्या सुटतात. मग रोग पुन्हा उलटतो आणि पहिल्यापासून सुरुवात. गोळ्या सुरू होतील त्याच आठवड्यात गोठ्यातल्या सगळ्या जनावरांचं रक्तही तपासायला द्या, नाहीतर माणूस बरा होऊन परत त्याच म्हशीच्या कासेखाली जाऊन बसतो.